सांगलीतल्या एका ऑर्केस्ट्राचा कीबोर्ड सेटअप : नवीन बोर्ड घ्यायचा की आहे तोच नीट करायचा?

पार्श्वभूमी

ही पार्टी सांगलीची. नावं घेत नाही, पण प्रकरण खरं आहे आणि मी साउंडच्या बाजूने सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यात होतो. सहा जणांची पार्टी. अण्णा मालक, निवेदनही तेच करतात. एक गायक, एक ताई, ऑक्टापॅडवाला (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रमचा पॅड), ढोलकीवाले मामा आणि कीबोर्डवाला पोरगा. बास गिटार नाही, त्यामुळे बासचं काम पोराच्या डाव्या हातावरच. कामं म्हणाल तर लग्नं, हळदी, गणपतीत मंडळांचे कार्यक्रम, तासगाव-पलूस-विटा बाजूच्या जत्रा, आणि मधूनच सांगली-मिरजेत हॉलमधला एखादा शो. सीझनला एका दिवशी दोन कामं पण घेतात, म्हणजे दुपारी हळद आणि रात्री लॉन.

कीबोर्ड एकच होता, ६१ कीजचा जुना अरेंजर. ज्याला माहीत नसेल त्याच्यासाठी सांगतो, अरेंजर म्हणजे डाव्या हाताने कॉर्ड धरली की रिदम, बास, साथ सगळं आपोआप वाजवणारा बोर्ड, आपल्याकडे त्याला सगळे स्टाइलवालाच म्हणतात. सिंथ म्हणजे जो मुख्य करून टोनसाठी, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांच्या आवाजांसाठी घेतात, हलका असतो, स्टाइल नसते.

अडचण

अण्णांचा फोन आला तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच होतं, कीबोर्ड जुना झाला, आवाज येत नाही, दीडेक लाखापर्यंत जमवतो, कुठला घेऊ सांग. त्याआधी एका लॉनवरच्या रिसेप्शनला बरंच काही झालं होतं. कीबोर्डच्या लाइनमधून सतत भुणभुण. गाण्याच्या मध्यात बोर्ड बंद पडून परत चालू झाला, तोपर्यंत ऑक्टापॅड आणि ढोलकीवरच गाणं रेटलं. पियानोचा आवाज बारीक, जणू दुसऱ्या खोलीत वाजतोय. आणि ताईंचं गाणं चालू केलं तर पट्टी आधीच्या गायकाचीच राहिलेली, ताईंनी दोन ओळी तशाच ओढल्या, मग थांबवून परत सुरू केलं. लग्नाच्या गर्दीत लोक हसून सोडून देतात, पण गाणाऱ्या माणसाला त्या दोन ओळी किती लांब वाटतात ते त्यालाच ठाऊक.

मी अण्णांना म्हणलं, पैसे खिशात ठेवा, आधी एक प्रॅक्टिस माझ्या समोर करा, नेहमी लावता तसंच लावा, एकही वायर बदलू नका.

प्रॅक्टिसला काय दिसलं

इथे जास्त वेळ घालवतो कारण सगळं प्रकरण इथेच फिरलं.

पहिली गोष्ट पियानोच्या बारीक आवाजाची. बोर्डच्या मागे आउटपुटचे दोन जॅक असतात, एल/मोनो आणि आर. फक्त एल/मोनोला पिन लावली तर बहुतेक बोर्ड दोन्ही बाजू एकत्र करून एकाच जॅकमधून देतात. पण आरमध्ये काहीही खोचलं की बोर्ड समजतो स्टीरिओ चाललंय आणि एलमधून फक्त डावी बाजू जाते. या पोराने दोन्ही वायर बोर्डला लावलेल्या, आणि साउंडवाल्याने चॅनेल कमी म्हणून एकच वायर मिक्सरला घेतली, दुसरी तशीच खाली लोंबत. म्हणजे अर्धा पियानो स्टेजवरच पडून होता, आणि हे किती कार्यक्रम असं चाललं असेल देव जाणे. आरची वायर काढली आणि आवाज भरला. रुपयाही खर्च नाही.

दुसरी भुणभुण. बोर्डपासून मिक्सरपर्यंत साधी जॅक वायर, चांगली पंधराएक मीटर. ही अनबॅलन्स्ड वायर, म्हणजे बाहेरचा कचरा कापायची सोय नसलेली, पाच-सहा मीटरच्या पुढे गेली की वाटेतला सगळा कचरा उचलते, त्यात ती लाइटच्या केबलला समांतर सोडलेली. वर ट्रॅक वाजवायला लॅपटॉप, तोही त्याच मिक्सरला आणि त्याचा चार्जर लाइटच्या दुसऱ्याच प्लग-बोर्डवर. चार्जर काढला की अर्धी भुणभुण गायब, म्हणजे ग्राउंड लूप (दोन वस्तूंचं अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलं की होणारी भुणभुण). आपल्याकडे याच्यावर एक उपाय सर्रास करतात, प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात किंवा तिच्यावर टेप मारतात. हे कधीच करू नका, कळकळीने सांगतो, ओल्या लॉनवर माइकला ओठ लावून गाणारा माणूस उभा असतो आणि ती पिन त्याच्या जिवासाठी असते.

तिसरं, बोर्ड बंद पडणं. प्रॅक्टिसला घरच्या लाइटवर ते झालंच नाही. पण विचारपूस केल्यावर कळलं की लॉनवर ज्या जनरेटरवर डेकोरेशनचे लाइट आणि अँपचे रॅक होते त्याच्याच एका एक्स्टेंशनवर बोर्डचा अडॅप्टर होता, लोड आला की व्होल्टेज बसायचं. शिवाय अडॅप्टरची पिन बोर्डमध्ये सैल, हात लागला तरी हलायची.

चौथं, गाणं बदलणं. पोरगा हाताने फार चांगला, कानही पक्का, पण प्रत्येक गाण्याला मेनूत जाऊन स्टाइल शोध, टोन लाव, ट्रान्सपोज (पट्टी वरखाली करायची सोय) दाब. बोर्डात रजिस्ट्रेशन मेमरी (गाण्याची स्टाइल, टोन सगळं सेव्ह करून एका बटनावर आणायची सोय) होती, ती कधी वापरलीच नव्हती. घेतला तेव्हा दुकानदाराने दाखवली नाही आणि नंतर शिकायला वेळ कुणाला. ताईंची पट्टी चुकली ती यामुळेच, आधीच्या गाण्याचं ट्रान्सपोज काढायचं राहून गेलं होतं.

म्हणजे चार तक्रारींपैकी बोर्ड जुना असल्याची एकही नाही. फक्त अडॅप्टरचा जॅक सैल, तो दुरुस्तीवाल्याने बदलून दिला. तरी बोर्डाची एक खरी उणीव होती, त्याचे ब्रास आणि सिंथचे टोन आजच्या गाण्यांना कमी पडत होते, आणि एकाच बोर्डवर डाव्या हाताला बास, उजव्याला स्ट्रिंग, मधेच बासरीचा तुकडा, असं केलं की जागा संपायची.

पर्याय

प्रॅक्टिसनंतर अण्णांच्या घरी चहावर बसून सगळ्यांनी बोललं. चार रस्ते होते.

एक, मोठा नवीन अरेंजर. यामाहा पीएसआर-एसएक्स९०० किंवा कॉर्ग पीए७०० या जातीचा. अण्णांचं मन इथेच. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, हळदीच्या छोट्या कामाला ते तिघंच जातात, तिथे स्टाइल लागतेच. पण मामांनी सरळ विचारलं, मोठ्या कार्यक्रमात मी आहे, ऑक्टापॅड आहे, मग त्या स्टाइलचा रिदम तुम्ही बंदच करून ठेवता ना? बरोबर होतं. अरेंजरच्या किमतीतला मोठा भाग स्टाइलचा असतो आणि यांच्या मोठ्या कामात तोच बंद राहणार. वर वजन, एसएक्स९०० साडेअकरा किलो आहे, केस धरली तर जिना चढताना दोन माणसं लागतात.

दोन, जुना अरेंजर खाली ठेवायचा आणि वर एक हलका सिंथ. रोलंड एक्सपीएस-३०, जुनो-डीएस६१, यामाहा एमओडीएक्स६ असे बरेच आहेत. जुनो-डीएस६१ तर ५.३ किलो आणि पेन्सिल सेलवर पण चालतो, एमओडीएक्स६ साधारण साडेसहा किलो. सेकंडहँडमध्ये कोल्हापूर-पुण्याकडून चांगले मिळतात.

तीन, लॅपटॉप आणि मिडी कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, कुठली की दाबली तेवढंच लॅपटॉपला सांगणारा). पोराला हे हवं होतं, कारण आवाज खरंच जबरदस्त मिळतात. की दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या वेळेचा हिशोबही जमतो, ४४.१ किलोहर्ट्झला बफर (लॅपटॉप एका वेळी तयार करतो तो आवाजाचा तुकडा) १२८ ठेवला तर त्याचा उशीर तीनेक मिलीसेकंद, ऑडिओ इंटरफेसचा आणखी थोडा, बोटाला कळत नाही. पण मे महिन्यात विट्याच्या बाजूला उघड्या मांडवात, धुळीत, जनरेटरवर, आणि शेजारी आचाऱ्याची भट्टी. लॅपटॉप अडकला तर परत चालू होईपर्यंत स्टेजवर काय करायचं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. ज्याच्याकडे स्वतःचा टेक्निशियन आहे त्याने जरूर करावं.

चार, काहीच घ्यायचं नाही, फक्त वायरी, लाइट आणि रजिस्ट्रेशन. हा माझा आवडता पर्याय होता, खरं सांगायचं तर.

काय ठरलं आणि का

दुसरा आणि चौथा मिळून ठरलं, पण क्रम उलटा. आधी डीआय (सिग्नल लांबच्या वायरीतून भुणभुण न येता जावा म्हणून मधे लावायचा छोटा डबा), वायरी, स्टँड, यूपीएस घ्यायचे, त्याच्यावर दोन-तीन कार्यक्रम करायचे आणि मग उरलेल्या पैशात सिंथ. अण्णांना हे पटायला जड गेलं. त्यांचं म्हणणं, नवीन बोर्ड स्टेजवर दिसला की समोरच्या पार्टीला वाटतं यांच्याकडे माल आहे, डीआय बॉक्स कुणाला दिसतो? धंद्याच्या दृष्टीने यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण ताईंनी एकच वाक्य टाकलं, "अण्णा, बोर्ड दिसंल हो, पण माझी पट्टी हुकली तर लोक बोर्डाकडं बघत न्हाईत, माझ्याकडं बघत्यात." त्यावर विषय मिटला.

सिंथ सेकंडहँड घेतला. कुठला ते मुद्दाम सांगत नाही, कारण त्या किमतीतले तीन-चार बोर्ड तितकेच चालले असते आणि नाव सांगितलं की लोक नावच धरून बसतात. घेताना एवढं बघितलं : प्रत्येक की हळू आणि जोरात दाबून, कुठली डबल वाजते का किंवा एकदम फुल आवाजात येते का (रबर कॉन्टॅक्टमध्ये धूळ गेली की असं होतं), आउटपुटचे जॅक पिन लावून हलवून, पिच बेंड (सूर वरखाली ओढायचा दांडा) सोडल्यावर बरोबर मधे येतो का, आणि यूएसबीवर सेव्ह करून परत लोड होतंय का.

सेटअप

लाइट. दोन्ही बोर्ड आणि लॅपटॉप एका छोट्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर. बोर्ड फार करंट खात नाहीत, सगळं मिळून शंभर-सव्वाशे वॅटच्या आत राहतं, त्यामुळे मोठा यूपीएस लागत नाही. यूपीएसला लाइन मिक्सर जिथून घेतो तिथूनच घ्यायची, डेकोरेशनच्या बोर्डवरून नाही. आता पोरगा स्टेजवर आला की पहिलं साउंडवाल्याला हेच विचारतो. अडॅप्टर स्टँडच्या पायाला वेलक्रोने बांधले, पिन ओढली जात नाही.

आउटपुट. दोन्ही बोर्ड एका छोट्या मिक्सरमध्ये, तिथून डीआय बॉक्स, आणि डीआयमधून बॅलन्स्ड एक्सएलआर साउंडवाल्याला. पॅसिव्ह डीआय घेतला, कीबोर्डचा सिग्नल तगडा असतो त्यामुळे त्याला पुरतो आणि फँटम पॉवर (मिक्सरमधून वायरीतूनच येणारी पॉवर) मागत बसावं लागत नाही. त्याच्यावर ग्राउंड लिफ्टचा स्विच असतो, तो फक्त आवाजाच्या वायरीतलं ग्राउंड तोडतो, भुणभुण आली तर तो दाबायचा, अर्थिंगला हात लावायचा नाही.

इथे एक निर्णय अवघड होता. दोन बोर्ड साउंडवाल्याला वेगळे द्यायचे की एकत्र? वेगळे दिले तर तो नीट मिक्स करू शकतो. पण गावाकडच्या कामाला दर वेळी नवा माणूस, त्याला गाणी माहीत नाहीत, सोलो कुठे येतो माहीत नाही. म्हणून एकत्र आणि मोनो द्यायचं ठरलं. स्पीकरच्या दोन भिंती दिसल्या तरी आत सिग्नल बहुतेक वेळा एकच असतो. मोनोमुळे टोन निवडताना काळजी घ्यावी लागली, रुंद स्टीरिओ पियानो आणि जास्त कोरस इफेक्ट मारलेले पॅड (मागे धरून ठेवायचे लांब, मऊ टोन) हेडफोनवर भारी वाटतात आणि मोनोत पातळ होतात. असे टोन काढून साधे, घट्ट टोन लावले.

पेडल. सस्टेन पेडलची पोलॅरिटी कंपनीप्रमाणे बदलते. एका बोर्डचं पेडल दुसऱ्याला लावलं की उलटं चालतं, पाय काढला की आवाज लांबतो. बरेच बोर्ड चालू होताना पेडल ओळखून घेतात, म्हणून पेडल आधी लावायचं, मग बोर्ड चालू करायचा आणि तेव्हा पाय पेडलवर नको. व्हॉल्यूम पेडलचं वायरिंगही वेगळं असतं, त्यामुळे ज्या बोर्डला चालतं तेच घेतलं.

स्टँड एक्स आकाराचा होता, वरच्या बोर्डसाठी दुसरा टियर लावला की डुलायचा. झेड आकाराचा घेतला. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

गाण्यांची तयारी

खरा घाम इथे गाळला, आणि तो पोराने गाळला. नेहमीची सगळी गाणी एका वहीत लिहिली, कोण गातं, पट्टी कुठली, टेम्पो, कुठले टोन. मग प्रत्येक गाण्याचं रजिस्ट्रेशन, त्यात ट्रान्सपोजही सेव्ह. सेव्ह करताना कुठल्या गोष्टी लक्षात ठेवायच्या त्याच्या टिक असतात, त्यात ट्रान्सपोजची टिक नसेल तर आधीची पट्टी तशीच राहते, ही टिक बघणं फार गरजेचं.

खालच्या बोर्डचं बटन दाबलं की वरच्याचा टोनही बदलावा म्हणून मिडी केबल टाकली. पहिल्यांदा लावली तेव्हा वरचा बोर्ड स्टाइलचे ड्रम, बास सगळंच पियानोत वाजवायला लागला. मिडीला १६ चॅनेल असतात आणि अरेंजर प्रत्येक पार्ट वेगळ्या चॅनेलवर सोडत असतो. बाकीचं सगळं पाठवणं बंद करून फक्त प्रोग्राम चेंज (टोन बदलायचा निरोप) जाऊ दिला, मग बसलं. वरच्या बोर्डची पट्टी मात्र त्याच्या त्याच्या पॅचमध्येच (सेव्ह केलेल्या टोनमध्येच) सेव्ह करावी लागली, ती केबलमधून जात नाही.

टोनचे आवाज सारखे करायचं काम हेडफोनवर केलं नाही. एका दुपारी माझे स्पीकर लावून, कार्यक्रमाला ठेवतो त्या आवाजात, एकच सुरावट प्रत्येक टोनवर वाजवून केलं. हेडफोनवर ब्रास आणि स्ट्रिंग सारखे वाटतात, मोठ्या स्पीकरवर ब्रास कान फाडतो.

मग मामांनी एक मुद्दा काढला जो आमच्या कुणाच्या डोक्यात नव्हता. कीबोर्डवाल्याला बटन दाबलं की पट्टी बदलते, ढोलकीला बदलत नाही. ढोलकी सुरात लावलेली असते, काळी एकवरून काळी चारला गेलं की ती बेसूर लागते आणि परत चढवायला वेळ लागतो. त्यामुळे गाण्यांचा क्रमच पट्टीप्रमाणे लावला, गायकाची काळी एक-पांढरी दोनची गाणी एका बाजूला, ताईंची काळी चारच्या आसपासची एका बाजूला, मधे अण्णांचं निवेदन, तेवढ्यात मामा दुसरी ढोलकी घेतात. असला विचार कुठल्या कीबोर्डच्या मॅन्युअलमध्ये मिळणार नाही.

असंच हार्मोनियमचं. ताई दोन अभंग खऱ्या पेटीवर गातात आणि कीबोर्ड मागे फक्त पॅड धरतो. पेटी बरोबर ४४० ला (ए स्वर ४४० हर्ट्झ, बोर्डांचं नेहमीचं ट्यूनिंग) नव्हती, थोडी चढी. मिरज इतकी जवळ, जिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तिथल्या कारागिरांच्या गावाशेजारी राहून आपण सुराच्या बाबतीत ढिसाळपणा करायचा म्हणजे बरोबर वाटत नाही. पेटीचे स्वर स्टेजवर घासता येत नाहीत, म्हणून दोन्ही बोर्डांचं मास्टर ट्यूनिंग पेटीला जुळवलं आणि अभंग संपल्यावर परत ४४० ला आणायचं असं वहीत लाल पेनाने लिहिलं, कारण ट्रॅक ४४० चे आहेत.

निकाल

भुणभुण गेली. बोर्ड त्यानंतर कार्यक्रमात बंद पडलेला नाही, एका जत्रेत जनरेटर दोनदा बसला, स्पीकर बंद झाले पण बोर्ड आणि लॅपटॉप चालूच राहिले, लाइट आल्यावर लगेच त्याच ओळीपासून गाणं उचललं. दोन गाण्यांमधलं मेनू शोधणं संपलं, आणि रात्री दहाच्या नियमाने जिथे दहाला बंद करावं लागतं तिथे आता दोन-तीन गाणी जास्त बसतात, अण्णा याच्यावर सगळ्यात खूश आहेत.

सगळंच गोड झालं असं नाही. हॉलच्या एका मोठ्या शोला चांगला साउंडवाला होता, त्याने बोर्ड वेगळे मागितले आणि आमच्या डीआयला एकच चॅनेल, त्यामुळे पॅड जास्त झाला तर तो फक्त पॅड कमी करू शकत नव्हता, दर वेळी पोराला खूण करायला लागायची. छोट्या हळदीला पोरगा अजून फक्त जुना अरेंजरच नेतो, सिंथ घरी राहतो. आणि स्टेजवर लावायला वेळ वाढला, आधी दहा मिनिटांत व्हायचं, आता वायरीच जास्त.

काय वेगळं करता आलं असतं

डीआय सुरुवातीलाच दोन चॅनेलचा घ्यायला हवा होता, किमतीत फार फरक नव्हता. लहान कामाला एकत्र, मोठ्या शोला वेगळे, दोन्ही सोय राहिली असती. आता तो बदलायचं चाललंय.

मामांना आणि ताईंना पहिल्या दिवसापासून बसवायला हवं होतं. कीबोर्डची खरेदी म्हणून ते दोघं सुरुवातीला मागेच राहिले आणि पट्टीचा सगळा विषय अर्धी रजिस्ट्रेशनं झाल्यावर आला, पोराला क्रम बदलून परत सेव्ह करावं लागलं.

सिंथ घ्यायच्या आधी त्याच जातीचा बोर्ड एका कार्यक्रमापुरता भाड्याने आणता आला असता. लॉनवर, मोनोत, ढोलकीच्या शेजारी तो कसा ऐकू येतो ते कळलं असतं. दुकानातल्या शांततेत सगळेच बोर्ड छान वाटतात.

आणि बॅकअप. सगळी रजिस्ट्रेशनं एका पेनड्राइव्हवर, तो पेनड्राइव्ह बोर्डाच्याच केसमध्ये. केस हरवली तर दोन्ही जाणार. अण्णांना सांगितलंय, एक कॉपी तुमच्या घरी आणि एक ताईंच्या पर्समध्ये, आणि प्रत्येक नवीन गाणं चढवल्यावर तिन्ही कॉपी अपडेट करायच्या. अजून एकच झालीय.